गुरुवारी काही विचारायचं नाही

नरेंद्र गजभिये दर एप्रिलमध्ये पन्नास मिनिटं बोलत असे. ॲन आर्बर आणि आसपासच्या गावांतली साठएक माणसं बाबासाहेबांच्या जयंतीसाठी एका शाळेचा हॉल घेऊन जमत. वंदना होई, मुलांचे नाच होत आणि मग 'स्त्रीशिक्षण आणि आपण' या विषयावर नरेंद्रचं भाषण होई. भाषण चांगलं असे. त्यात आकडे असत, दाखले असत आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्याचा आवाज भरून येई. बायका मनापासून टाळ्या वाजवत. फक्त त्याच्या बायकोने, उपासनाने, ते भाषण नऊ वर्षांत एकदाही पुरतं ऐकलेलं नव्हतं. त्या वेळी ती हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात साठ माणसांचा मसालेभात गरम करत असे.

नरेंद्र नागपूरचा. वय अडतीस, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. माणूस सरळ. दारू नाही, सिगारेट नाही, बायकोवर आवाज चढवणं नाही. घरातला कचरा तो नेऊन टाकी, बर्फ फावड्याने ओढी, मुलीला गणित शिकवी. स्वयंपाकघरात मात्र त्याचा वावर पाहुण्यासारखा होता. यायचं, फ्रिज उघडायचा, उघड्या दारापाशी उभं राहून विचारायचं, "उपासना, दही कुठे आहे?" दही डोळ्यांसमोर असे.

त्या जानेवारीत, म्हणजे शहाण्णव सालच्या, उपासनाने कम्युनिटी कॉलेजात रक्त-लघवी तपासण्याचा अभ्यासक्रम घेतला. लग्नाआधी ती नागपूरला सीताबर्डीवरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये दोन वर्षं काम करत होती आणि मायक्रोस्कोपवर तिचा हात चांगला बसला होता. इथे आल्यापासून ती युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत परत आलेली पुस्तकं फळ्यांवर लावत होती. वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी सहाला. शिकवणाऱ्या बाई कडक. सहाला दार बंद. उशीर झाला की वहीत खूण, तिसऱ्यांदा झाला तर यादीतून नाव कमी. पुन्हा यायचं असेल तर पुढच्या जानेवारीत.

उपासनाच्या नावापुढे दोन खुणा पहिल्या तीन आठवड्यांतच पडल्या. दोन्ही गुरुवारच्या; मंगळवारी लायब्ररीतून ती दुपारीच मोकळी होई.

पहिल्या गुरुवारी नरेंद्र म्हणाला होता, "तू जा, मी वरणभात लावतो." ती कोट घालून दारात पोचली तेव्हा त्याने विचारलं, "डाळीला पाणी किती?" ती म्हणाली, दुप्पट. "वाटीने की कपाने?" ती म्हणाली, कशानेही. "हळद आता की नंतर?" तेव्हा तिने कोट काढून खुर्चीवर टाकला. दुसऱ्या गुरुवारी त्याने हिंग विचारला. हिंग पीनट बटरच्या बाटलीत होता. हे शब्दांत सांगून पटण्यासारखं नसल्यामुळे ती आत गेली, आत गेलीच आहे तर फोडणी दिली, फोडणी दिलीच आहे तर दोन पोळ्या लाटल्या, आणि सहा वाजून वीस मिनिटांनी वर्गाच्या बंद दाराच्या काचेवर टकटक केली.

त्यानंतर तिने पहाटे पाचला उठून दोन्ही वेळचं करायला सुरुवात केली. दोन आठवड्यांत तिला मायक्रोस्कोपमधून बघताना झोप लागली. भुवईवर गोल वळ घेऊन ती घरी आली आणि जेवताना म्हणाली, "मी सोडते हो तो वर्ग. मैत्री मोठी झाली की बघू."

मैत्री, त्यांची मुलगी, अकरा वर्षांची. तिने मान वर न करता म्हटलं, "आय ॲम ऑलरेडी बिग."

नरेंद्रने हातातला घास ठेवला. त्याचे कान लाल झाले. नऊ वर्षांची साडेसात तासांची भाषणं त्याच्या डोळ्यांपुढून गेली असावीत. "सोडायचं नाही," तो म्हणाला. "या गुरुवारी मी स्वयंपाक करणार. सगळा. तू यायचं, गरम जेवायचं आणि जायचं."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्याची आई, कांता, भात कालवत बसली होती. ती ऑक्टोबरात सहा महिन्यांसाठी आली होती. स्वयंपाक तिने केला असता. आयुष्यभर केला होता. पण आल्याच्या चौथ्या दिवशी तिने इथल्या विजेच्या शेगडीवर, बंद आहे असं समजून, तळवा टेकवला होता. तेव्हापासून तिचं ठरलं होतं. "ज्याच्यात जाळ दिसत नाई, थे चूल कायची? मी नाई रांधत त्याच्यावर." हाताचा फोड बरा झाला तरी निर्णय कायम होता.

"करशीन, करशीन," कांता म्हणाली. "पण एक सांगतो तुले. तिले काई इचारायचं नाई. एक शब्द नाई. तू इचारते, म्हणून थे थांबते. तू तोंड बंद ठेव, थे जाते."

"मी कुठे विचारतो?" नरेंद्र म्हणाला, आणि उपासनाकडे वळून, "मी विचारतो का?"

"हे पाय, इचारलंच," कांता म्हणाली.

कामावर तो आठवड्यातून तीन दिवस मनोहर साठ्यांच्या गाडीतून जाई, म्हणजे स्वतःची गाडी उपासनाला मिळे. मनोहर पुण्याचा, त्याच्याच मजल्यावर बसणारा, आणि इथे आल्यावर मांसाहाराला लागलेल्या माणसाचा उत्साह त्याच्या अंगात होता. बुधवारी सकाळी नरेंद्रने त्याला विचारलं, पंधरा-वीस मिनिटांत होणारं, नुसतं पोट भरणारं नव्हे तर जेवल्यासारखं वाटेल असं काय करता येईल.

"स्टेक," मनोहर लगेच म्हणाला. "स्टेक आणि पालक. यार, याच्याइतकं सोपं जगात काही नाही. तवा सणसणीत तापवायचा. मांस कागदाने कोरडं करायचं, मीठ-मिरी लावायची. तीन मिनिटं एक बाजू, तीन मिनिटं दुसरी. पाच मिनिटं तसंच राहू द्यायचं. तेवढ्यात त्याच तव्यात बटर, लसूण, पालक. एक मिनिट. खेळ खलास."

"आत शिजतं का तेवढ्यात?"

"आत गुलाबीच पाहिजे. तीच तर मजा. अरे, बीफ कळायला जरा सवय लागते."

नरेंद्र खिडकीबाहेर बघायला लागला. शाळेत तिसरीत असताना शेजारच्या बाकावरचा मुलगा त्याचा डबा हुंगून सरकून बसला होता. डब्यात वांग्याची भाजी होती. बड्याचं मटण, म्हणजे हेच बीफ, त्यांच्या घरात शिजायचं ते त्याच्या जन्माआधी. दीक्षा घेतली त्या वर्षी वडिलांनी ते बंद केलं होतं. आणि आता साठ्यांचा मनोहर, ज्याची आई पुण्याहून फोन आला की विचारे, "बाळा, अंडी तर नाही ना खात?" आणि जो म्हणे, "छे गं आई," तो त्याला बीफ समजावून सांगत होता. नरेंद्रला हसू आलं. ते मिशीत ठेवून त्याने विचारलं, "तेल किती?"

मनोहरने हौसेने सांगितलं. नरेंद्रने खिशातल्या कार्डावर लिहून घेतलं, क्रमांक घालून, कंपनीत यंत्राची जोडणी लिहीत असे तसं. वेळ बाजूच्या रकान्यात. बेरीज अठरा मिनिटं.

गुरुवारी साडेचारला मनोहरने त्याला दाराशी सोडलं तेव्हा त्याच्या हातात तळहाताएवढ्या जाड दोन स्टेकचं पाकीट आणि पालकाच्या तीन जुड्या होत्या. उपासना पाच-दहाला लायब्ररीतून येई. पाच-पस्तीसला तिला निघायला हवं. नरेंद्रने कार्ड फ्रिजला लोहचुंबकाने लावलं, बाह्या वर केल्या आणि मोठ्याने म्हणाला, "भरपूर वेळ आहे."

कांताने डायनिंग टेबलाची खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या तोंडाशी आणली आणि पाय वर घेऊन बसली. शाल दोन्ही खांद्यांवर नीट घेतली. तमाशाला लवकर येऊन जागा धरावी तशी.

"हे काय होय?" तिने पाकिटाकडे बोट केलं.

"स्टेक."

"कायचं?"

नरेंद्रने फ्रिजवरचं कार्ड सरळ केलं. "बड्याचं."

कांता खुर्चीत पुढे सरकली. मग तिने हात पुढे केला. त्याने पाकीट दिलं. तिने प्लॅस्टिकवरून अंगठ्याने दाबून पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर चाळीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या ओळखीच्या बाईला ओळखल्यासारखं काहीतरी आलं. "मांडीचं नाई हे. पाठीचं. चांगलं हाय. पण मोठा तुकडा काऊन आणला? याले चार घंटे लागते."

"सहा मिनिटं लागतात, आई."

"कोन सांगतलं?"

"मनोहरने."

"थो बामन?" कांता म्हणाली, आणि तिला खोकला येईपर्यंत हसू आलं. "थो मले सांगते आता हे कसं शिजते थे!"

कार्डावर पहिल्या क्रमांकाला 'कागदाने कोरडं करणे' असं होतं. नरेंद्रने कागदी रुमालाकडे हात नेला तेव्हा मागून आवाज आला, "धुतलं का?"

"धुवायचं नसतं."

"न धुता? बाजारचं मटन? उपासना जेवनार हाय थे."

नरेंद्रने दोन्ही स्टेक नळाखाली धरले. कांताने तिथूनच पाणी मोजलं. तीन पाण्यांवर तो थांबला, तिने पाच करायला लावली. "आता हळद." हळद लागली. "आलं-लसून." तेही लागलं, ते फ्रिजमध्ये जॅमच्या बाटलीत सापडलं, कारण त्या बाटलीचं झाकण उघडून त्याने नाक घातलं. यानंतर त्याने पालक घेतला, मुळं कापली आणि तीनही जुड्या तशाच चिरल्या. मनोहरने पालक धुण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं, आणि कांता त्या वेळी मीठ शोधण्याच्या कामावर देखरेख करत होती.

मीठ सापडलं. मिरी सापडेना. उपासनाच्या स्वयंपाकघरात एकही बाटली स्वतःच्या नावाला जागत नव्हती. कॉफीच्या बाटलीत धणे होते. ओल्या खजुराच्या डब्यात उडीद डाळ. बेबी फूडच्या बारक्या बाटल्या, मैत्रीच्या लहानपणापासून जपलेल्या, एका रांगेत, आणि सगळ्यांवर एकाच गुटगुटीत गोऱ्या बाळाचं चित्र. त्यातल्या चारांमध्ये काळपट पूड होती.

"मैत्री," त्याने हाक मारली, "मिरपूड कुठल्या बाळात आहे?"

मैत्री जिन्यावर बसून गृहपाठ करत होती. "हाऊ वुड आय नो? आस्क मॉम."

"आईला विचारायचं नाही."

"देन स्मेल इट, बाबा."

त्याने चारही हुंगल्या आणि शिंकला. जिच्यावर शिंक आली ती मिरी, असा निष्कर्ष काढून त्याने ती दोन्ही बाजूंनी सढळ हाताने चोळली. तो कांताने नागपूरहून आणलेला काळा मसाला होता. उपासना तो चिमटीने वापरत असे.

तवा त्याने भाकरीचा घेतला, लोखंडी. तो सणसणीत तापवायचा होता. त्याने कार्डाप्रमाणे तापवला. मग ओले, पिवळे-काळे, आलं-लसणाने माखलेले दोन्ही स्टेक त्यावर सोडले.

जे झालं ते आवाजापासून सुरू झालं. तव्यातून तेल भिंतीपर्यंत उडालं. मसाला जळाला आणि त्याचा ठसका घरभर पसरला. कांताने पदर नाकाला लावला, मैत्री जिन्यावरून खोकत उठली, आणि छतावरचा धुराचा भोंगा ओरडायला लागला. या भोंग्याला त्या घरात प्रत्येकाची ठरलेली जागा होती, उपासना फोडणीला लसूण घाली तेव्हापासूनची. मैत्री वर्तमानपत्र घेऊन खुर्चीवर चढली आणि भोंग्याखाली वारा घालू लागली. नरेंद्रने मागचं सरकतं दार उघडलं. फेब्रुवारीचा वारा आत आला.

"तीन मिनिटं झाली का?" नरेंद्र ओरडला.

"आय कान्ट सी द क्लॉक!" मैत्री वरून ओरडली.

"पालटव, पालटव!" कांता ओरडली. "कोळसा झाला!"

त्याने ते पालटले. भोंगा थांबला. दुसरी बाजू झाली. नरेंद्रने दोन्ही स्टेक ताटात काढले. दिसायला ते वाईट नव्हते. वरून काळे, कडक, डांबरी रस्त्याच्या तुकड्यासारखे. त्याच तव्यात त्याने बटर टाकलं, लसूण टाकला, पालक टाकला. पालक बसला, हिरवागार, आणि छान वास सुटला. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. नरेंद्रच्या चेहऱ्यावर पन्नासाव्या मिनिटाचं तेज आलं.

त्याने सुरी घेऊन एक स्टेक मधोमध कापला. ताटात लाल पाणी पसरलं.

कांता खुर्चीतून उठून जवळ आली. पाहिलं. "हे तं जितं हाय."

"गुलाबी असतं आतून."

"हे गुलाबी होय? बाप्पा, हे हंबरन आता. टाक कुकरमंधी."

"कार्डात—"

"कार्ड थ्या मनोहरले दे खाले. माही सून परीक्षेले जाते. तिले कच्चं देशीन?"

परीक्षा नव्हती, वर्ग होता, पण कांताच्या लेखी संध्याकाळी पुस्तक घेऊन बाहेर जाणं म्हणजे परीक्षाच. नरेंद्रने एक क्षण कार्डाकडे पाहिलं, एक क्षण लाल पाण्याकडे. त्यालाही ते पाणी आवडलेलं नव्हतंच. त्याने कुकर काढला, पेलाभर पाणी घातलं, दोन्ही स्टेक आत ठेवले, एक कापलेला आणि एक अख्खा, झाकण फिरवलं, शिटी बसवली. शेगडीचं बटण शेवटपर्यंत वळवलं. आणि दारात किल्ली वाजली.

उपासना आत आली. घरात निळसर धूर, मागचं दार उघडं, मुलगी खुर्चीवर वर्तमानपत्र घेऊन उभी, भिंतीवर पिवळे शिंतोडे, ओट्यावर चौदा बाटल्या झाकणं उघडी. तिने टोपी काढली. कुणी काही विचारेल म्हणून ती थांबली. तिला सवय होती. दार उघडताच पहिला प्रश्न येई, बूट काढायच्याही आधी.

कुणी काही विचारलं नाही.

"आलीस?" नरेंद्र म्हणाला. हा प्रश्न धरायचा की नाही याचा विचार त्याच्या चेहऱ्यावर दिसला. "आलीस," त्याने दुरुस्त केलं. "बस. पाच मिनिटं."

"काय करताय?" उपासना स्वयंपाकघराकडे निघाली. तिथे कांता पुन्हा खुर्चीवर बसली होती, दोन्ही गुडघे दोन्ही बाजूंच्या भिंतींना टेकवून. आत जायला वाट नव्हती.

"बस ना माय तिकडं."

"आई, मी फक्त बघते."

"तिथूनच बघ. सिनेमा पायतो तसं."

उपासना खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिची नजर ओट्यावरून फिरली. काळ्या मसाल्याची बाटली अर्धी झालेली तिने पाहिली. पालकाच्या मुळांना चिकटलेली माती पाहिली आणि सिंकमध्ये मातीचा कणही नाही हेही पाहिलं. मग तिने कुकर पाहिला.

वाफ शिटीतून येत नव्हती. झाकणाच्या कडेने, चहूबाजूंनी, फुसफुसत येत होती. तिला लगेच कळलं. रिंग नव्हती. रबराची रिंग ती धुऊन खिडकीतल्या हुकाला अडकवते, गेली बारा वर्षं, आणि या क्षणी ती रिंग नरेंद्रच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर लोंबत होती.

नरेंद्र कुकरकडे बघत होता. काहीतरी चुकलं आहे एवढं इंजिनियरला कळत होतं. वाफ येते आहे, दाब धरत नाही. त्याने झाकण दाबून पाहिलं, चटका बसला, बोट तोंडात घातलं. पाच वाजून वीस झाले. मग त्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं.

ती बघतच होती. तिला माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे त्यालाही दिसत होतं. नुसतं "काय झालं गं याला?" म्हणायचा अवकाश होता. ती सासूच्या गुडघ्यांवरून पाय टाकून आत आली असती, रिंग घातली असती, कुकर लावलाच आहे तर बाजूला भात टाकला असता, पालकात डाळीचं पीठ लावलं असतं, आणि सहा वाजले असते, आणि तिसरी खूण. हे सगळं नरेंद्रला तिच्या हातांत दिसलं. तिची बोटं खुर्चीच्या पाठीवर आपोआप काहीतरी मळत होती.

"आजी," मैत्री हळूच म्हणाली, "ही इज गोइंग टु आस्क."

"नाई इचारत," कांता म्हणाली. पण तिने शाल घट्ट ओढली.

नरेंद्रने हात पुढे केला आणि शेगडी बंद केली.

"जेवण झालंय," तो म्हणाला.

"अहो, पण ते—"

"झालंय. हात धू."

त्याने कुकर उघडला. आतला स्टेक आता लाल नव्हता, शिजलेलाही नव्हता; करडा, ओला, नाराज दिसत होता. नरेंद्रने अख्खा स्टेक फळीवर घेतला आणि कडेकडेने, जिथे तो खरंच शिजला होता तिथून, पातळ काप काढले. मधला भाग बाजूला सारला. असे बारा-तेरा काप निघाले. ते ताटात ठेवले, शेजारी पालक वाढला, ब्रेडचे दोन तुकडे भाजून ठेवले. टोस्टर त्याला येत होता. ताट कांताच्या डोक्यावरून बाहेर आलं.

पाच-पंचवीस. उपासना जेवायला बसली आणि तिघं तिच्याभोवती उभी राहिली. एवढं बघत असताना माणूस जेवतो कसा कुणास ठाऊक, पण तिने एक काप तोंडात घातला. मसाल्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती चावत राहिली. बराच वेळ. नरेंद्रचाही जबडा तिच्याबरोबर हलत होता. मग तिने पालक घेतला, आणि दातांखाली करकर झाली; ती मैत्रीलाही ऐकू गेली. उपासनाचा जबडा थांबला.

नरेंद्रने दोन्ही हात मागे घेऊन एकमेकांत धरले. तोंडावर आलेला प्रश्न त्याने गिळला.

उपासनाने घास गिळला. "लसूण छान लागलाय," ती म्हणाली. हे खरं होतं. तिने दुसरा घास घेतला, या वेळी ब्रेडबरोबर. पालक संपवला. काप आठ खाल्ले, पाणी दोन पेले प्यायली. पाच वाजून चौतीस मिनिटांनी ती उठली आणि ताट उचलून सिंककडे निघाली.

"माय," कांता म्हणाली, "थे ताट मले दे."

"नुसतं ठेवते, आई."

"तू नुसतं काईच नाई ठेवत. दे."

उपासनाने ताट दिलं. रिकाम्या हातांचं काय करावं हे तिला कळेना. तिने कोट घातला, बटणं लावली, पिशवी घेतली. दाराच्या कडीवर हात ठेवला. वळली.

"अहो, त्या कुकरची ना—"

"बाहेर बर्फ आहे. सावकाश चालव," नरेंद्र म्हणाला.

"मी सांगत होते, रिंग—"

"शोधतो मी."

"तुम्हाला नाही सापडणार ती."

"मग कच्चं खाऊ."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला राग आला होता की हसू, हे सांगणं कठीण होतं. नाराज मात्र ती थोडी झालीच होती. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या घरात काहीतरी बिघडलं होतं आणि तिच्यावाचून बिघडलेलंच राहणार होतं. तिने मैत्रीच्या डोक्यावर हात फिरवला, सासूला "येते" म्हणाली आणि दार ओढून गेली.

तिघंही समोरच्या खिडकीशी आली. खाली पार्किंगमध्ये तिने गाडीची काच खरवडली. दिवे लागले. गाडी मागे आली, वळली आणि हळूहळू रस्त्याच्या तोंडाशी, थांबायच्या पाटीपाशी जाऊन उभी राहिली. डावीकडे कॉलेज. उजवीकडे वळलं की पुढच्या वळणावरून पुन्हा याच पार्किंगमध्ये येता येतं.

रस्ता रिकामा होता. गाडी उभीच राहिली.

"व्हॉट्स शी डूइंग?" मैत्री म्हणाली.

"इचार करून रायली," कांता म्हणाली.

नरेंद्र काचेला नाक लावून उभा होता. त्याचा श्वास काचेवर उमटला होता. तो त्याने बाहीने पुसला. गाडीचे मागचे लाल दिवे तसेच. मग डावा दिवा लुकलुकायला लागला. तीनदा, चारदा. गाडी डावीकडे वळली, झाडांच्या मागून एकदा दिसली आणि दिसेनाशी झाली.

ते तिथेच उभे राहिले, अजून पाच मिनिटं, दहा मिनिटं. पार्किंगमध्ये दुसऱ्या कुणाची तरी गाडी आली. सहा वाजले. नरेंद्रने घड्याळाकडे पाहिलं, मग आईकडे.

"भूक लागली," तो म्हणाला.

"मलेही," कांता म्हणाली.